लोणी नव्हे, लोनी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी शिफ्टच्या ब्रेकमध्ये डबा खाताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. आमच्या घरी पाढ्यांच्या आधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घ्यायचे. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून घरात ना देव, ना भूत, ना कुणाच्या अंगात येणं. लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात. त्यामुळे हे लिहायला बसले तरी दोनदा उठून चहा करून आले... लाज वाटते हो. पण लाज वाटली म्हणून मी एकदा गप्प बसले होते, आणि हे सगळं त्याचंच आहे.

जागा मेलबर्नची, डँडेनॉन्ग नॉर्थ. फॉस्टर स्ट्रीटच्या इंडियन दुकानांपासून गाडीने दहा मिनिटं. भाड्याचं विटांचं घर, मागे बऱ्यापैकी मोठं बॅकयार्ड, कुंपणाजवळ एक जुनं लिंबाचं झाड. मी इथे एका फूड फॅक्टरीत क्वालिटीमध्ये आहे, सकाळी सहा ते दोन. नवरा तेव्हा पर्थला कॉन्ट्रॅक्टवर होता. म्हणून आईला नागपूरहून व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं होतं. वय एकाहत्तर, गुडघे सोडले तर ठणठणीत.

ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी मी कामावरून आले तर हॉलमध्ये दोन गोरेगोमटे... म्हणजे एक गोरा आणि एक चांगला दारात न मावणारा, टोंगा बेटावरचा टोंगन, असे दोन मुलगे पांढरा शर्ट, टाय लावून सोफ्याच्या कडेवर बसलेले. खिशावर काळ्या पाट्या. एल्डर होल्ट, एल्डर मोआला. दारोदार धर्मप्रचार करणारे मॉर्मन मिशनरी! दारावर आले की मी पडद्यामागे श्वास रोखून बसते, आणि आईने त्यांना सरळ आत घेतलेलं.

"अगं, कोण हे माहितेय का तुला?"

"पोट्टे हाये. उन्हातून आले. पानी तं देऊ देशील?"

मी तोंडावर आलेलं सगळं गिळलं आणि म्हटलं, "आई, पानी नाही, पाणी."

ही माझी जुनी खोड. पुण्याला शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी होस्टेलच्या मेसमध्ये 'पानी' म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं होतं. त्या दिवसापासून मी माझ्या तोंडातला प्रत्येक 'न' तपासायला लागले, आणि सुट्टीत घरी गेले की आईचा. आई कधी चिडली नाही. "हाव हाव, पाणी," म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात परत पानी.

त्या मुलांना मी स्पष्टच सांगितलं की धर्म आम्ही एकदा बदललाय, पूर्ण विचार करून बदललाय, पुन्हा बदलायची आम्हाला हौस नाही. होल्ट नावाचा तो गोरा मुलगा, एकोणीस वर्षांचा असेल, कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, नो वरीज, आम्ही फक्त सर्व्हिस करायला आलोय, काही काम असलं तर सांगा, गवत वगैरे. बोलणं अमेरिकन, पण 'नो वरीज' इथलं उचललेलं.

आईने त्यातला एकच शब्द पकडला. सर्व्हिस! डोळे चमकले. आई स्वतः नागपुरात एका शाळेत शिपाई होती. सोळा वर्षं टेम्पररी राबल्यावर पर्मनंट झालेली. तिच्या लेखी माणसाची पहिली चौकशी हीच.

"सर्व्हिसले हाय का? विचार, पर्मनंट हाय का?"

मी विचारलं. तो म्हणाला, दोन वर्षांसाठी.

"टेम्पररी हाय बिचारा. अन् पगार?"

पगार नाही, म्हणाला. उलट आपला खर्च आपणच करायचा.

आईने कपाळावर हात मारला. "बाप्पा! ह्याहीपेक्षा आमची शाळा बरी होती." आणि एल्डर म्हणजे वडीलधारा, असं मी सांगितल्यावर तर ती हसता हसता पदर तोंडाला लावून बसली. "वडील? हे? आधी दाढी तं फुटू दे म्हना."

मी खरं नाव विचारलं, तर होल्ट म्हणाला, दोन वर्षं माझं पहिलं नाव एल्डरच आहे. त्यांच्यात तशी पद्धत. फक्त आडनाव.

मग दर बुधवारी दुपारी ते यायला लागले. धर्माचं एक अक्षर काढायचं नाही, ही माझी अट, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. गवत कापलं, वाफे खणून दिले, आईने कोथिंबीर-मेथी पेरली. चहा-कॉफी त्यांना चालत नाही हे कळल्यावर आईला आधी अपमान वाटला, मग तिने झाडाची लिंबं काढून सरबत सुरू केलं. हळूहळू त्यांचा आठवडा आम्हाला पाठ झाला. साडेसहाला उठायचं, पोथी वाचायची, दिवसभर दारं वाजवायची आणि दारं बंद झालेली बघायची. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं, एकट्याने कुठे म्हणून जायचं नाही. रविवारी चर्च. सोमवारी सुट्टी... कपडे धुवायचे, सामान आणायचं, आणि घरी फोन करायचा. आठवड्यातून एकदाच. होल्टचं घर आयडाहोत, बटाट्याची शेती. दर बुधवारी आई विचारायची, "सोमवारी मायसंग बोलला का रे?" मी भाषांतर करायची, तो "येस मॅम" म्हणायचा. एवढंच. मोआला घरच्या गप्पा धबाधबा सांगायचा. होल्ट येस मॅम.

आणखी त्याची एक सवय. निघताना तो गाडीची चावी चाचपायचा. पँटचा खिसा, मग शर्टाचा खिसा, मग परत पँटचा. काढून बघायची, ठेवायची, दारापर्यंत जायचं, परत चाचपायची. आई त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि आम्ही हसायचो. तोही हसायचा.

तिसऱ्या-चौथ्या बुधवारी मी किचनमध्ये आले तर आईने ट्रेमध्ये सरबताचे पाच ग्लास भरले होते. आम्ही दोघी, ते दोघे.

"पाचवा कुणाला?"

"थ्या तिसऱ्याले."

"कोण तिसरा?"

"थो काय, लिंबापाशी उभा हाये. दर खेपेस बाहेरच उभा ठेवते त्याले हे. आत नाई घेत, पानी नाई देत." तिचा आवाज चढला. "विचार यायले, काहून असं करता? आपल्या घरी मानसाले दाराबाहेर उभं नाई ठेवत म्हना."

मी खिडकीतून बघितलं. लिंबाचं झाड, कुंपण, बास. अंगावर काटा-बिटा काही आला नाही, खरं सांगते. मला फक्त भीती वाटली... डिमेन्शियाची. मैत्रिणीच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. मी काही बोलायच्या आत आई पाचवा ग्लास घेऊन बाहेर गेली, झाडापाशी थांबली, आणि रिकामा ग्लास घेऊन परत आली. सरबत तिनेच झाडाच्या मुळाशी ओतलं असणार, असं मी मानलं. अजूनही तसंच मानते.

रात्री भांडी घासताना ती सहज सांगत होती. पोट्टं पंधरा-सोळाचं हाये, लाल टोपी घालते, वरच्या ओठाला शिवन हाये. पाटी नाही खिशावर, म्हणजे अजून सर्व्हिसला लागलं नसेल. ती घाबरलेली नव्हती, बरं का. भूत हा शब्द तिने एकदाही काढला नाही. तिच्यासाठी तो एक मुलगा होता, ज्याला उन्हात उभं ठेवलंय. आईच्या आईने गावच्या विहिरीपाशी दुसऱ्या कुणी वरून पाणी ओतायची वाट बघत दिवस काढले होते. हे तिला काय बोचत होतं, ते मला कळायला हवं होतं.

मी काय केलं? तिला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्याने तारीख विचारली, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आईने सगळं धडाधड केलं. जीपी म्हणाला, हर मेमरी इज बेटर दॅन माइन, मेट. बाहेर पडल्यावर मी आईला बजावलं, "त्या मुलांसमोर तिसरा-बिसरा काढायचा नाही. लोक वेड्यात काढतील."

"मले?"

"आपल्याला."

पण पाचवा ग्लास काही थांबला नाही.

मग तो लोण्याचा बुधवार. मुलं वाफ्यांना पाणी घालत होती, मी पायरीवर फोन बघत बसले होते. आई लिंबापासून आली आणि होल्टकडे बोट करून म्हणाली, "याले लोनी म्हनते थो."

होल्टने झटकन मान वळवली. पाइप हातात तसाच, पाणी बुटांवर.

"व्हॉट डिड शी से?"

"आई, लोनी नाही, लोणी," मी म्हटलं.

"लोनीच म्हनते थो. म्या दोनदा आयकलं."

मी त्याला म्हटलं, "बटर. मराठीत बटर. आई विचारतेय तुला बटर आवडतं का."

"ओह." जरा वेळ तो बघतच राहिला, मग हसला. म्हणाला, हो, आमच्याकडे गाई होत्या. पुढच्या बुधवारी पठ्ठ्या आईसाठी लोण्याचं पाकीट घेऊन आला! आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कायले आनलं यानं?" मी म्हटलं, "तूच तर लोणी लोणी करत होतीस." तिने माझ्याकडे असं बघितलं, की आता आठवलं की जीव कासावीस होतो. तेव्हा मला वाटलं, थकलीय.

जानेवारीत होल्टची बदली झाली. दर सहा आठवड्यांनी तिकडे ठरतं, कोण राहणार, कोण जाणार. मोआला राहणार होता, होल्ट दूर मिल्डुराकडे. सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ते निरोपाला आले. पहिल्यांदाच जीन्स-टीशर्टमध्ये, पाट्या नाहीत. होल्ट अगदी शाळकरी दिसत होता. आईने त्याला मेथीच्या वड्या बांधून दिल्या. तो दाराशी गेला, नेहमीसारखे खिसे चाचपायला लागला, आणि तेवढ्यात आई बॅकयार्डकडून अक्षरशः धावत आली. गुडघे दुखत असताना.

"थांबव त्याले. थो सांगून राहिला. मले त्याची भाषा नाई समजत, लोनी तेवढं समजते, पन हातानं दाखवते. चावी दाखवते. याच्या खिशात हात घालते, अशी काढते..." ती हाताने करून दाखवत होती. एकदा, मग पुन्हा. "अन् स्वतःच्या छातीवर हात ठेवते. म्या काढली म्हनते. हा विसरला नाई. सांग याले, विसरला नाई हा."

माझी शिफ्ट पहाटेची, डोकं जड, पर्थहून मेसेजवर मेसेज येत होते. मी फोनमध्ये बघत होते. आणि मुख्य म्हणजे मला लाज वाटत होती... शेवटच्या दिवशी तरी नको ना हे. मी त्यातून तो तिसरा मुलगा गाळला. तो गाळल्यावर उरलं काय? चावी, आणि विसरणं.

"काय म्हणतात आई?" होल्टने विचारलं.

"डोन्ट फर्गेट युअर कीज," मी म्हटलं. हसून.

त्याचा चेहरा पडला. म्हणजे नुसता पडला नाही, एखाद्याला सगळ्यांसमोर थोबाडीत बसावी तसा झाला. मग सावरून म्हणाला, "येस मॅम. आय वोन्ट." आणि गेला. आईने विचारलं, "सांगितलं का सारं?" मी म्हटलं, "हो, सांगितलं."

"मंग रडला काहून नाई?"

मला वाटलं, काहीतरीच हिचं.

आई फेब्रुवारीत नागपूरला गेली. ऑगस्टमध्ये गेलीच. बाजारातून येताना, रिक्षात, मेथीची जुडी मांडीवर. मला तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. असो. त्याबद्दल इथे नको.

या वर्षी एका शनिवारी डँडेनॉन्ग मार्केटमध्ये मी भेंडी निवडत होते आणि मागून कुणी म्हणालं, "आंटी! पानी?" मोआला! शॉर्ट्स, टीशर्ट, थोडी दाढी. त्याचं मिशन संपलं होतं, आता इथेच वेअरहाऊसमध्ये नोकरी. म्हणाला, आता मी सायमन. आईचं कळल्यावर तिथेच भेंडीच्या ढिगापाशी माझे हात धरून उभा राहिला.

मी होल्टचं विचारलं. होल्ट मुदतीआधीच घरी गेला होता. मिल्डुरात दीड महिनाही टिकला नाही. दारं वाजवायला गेला की गाडीपाशी परत यायचा, चावी बघायला, परत जायचा, परत यायचा. शेवटी गाडीतून उतरेचना.

"यू नो अबाउट हिज ब्रदर, राइट?"

मला काहीच माहीत नव्हतं.

धाकटा भाऊ होता. त्याला फिट्स यायच्या, म्हणून शेतावरची चार चाकांची क्वाड बाइक चालवायला सक्त मनाई. बाइकची चावी कायम होल्टकडे. एका दुपारी धाकटा बाइक घेऊन कालव्याच्या बांधावर गेला, उलटला आणि जागीच गेला. चावी बाइकला लागलेली सापडली. होल्ट शपथेवर सांगत होता, मी काढून घेतली होती. पण घरात सगळ्यांनी एकच धरलं, तू विसरलास. पुढे पुढे त्यालाही तेच वाटायला लागलं. सोमवारी फोनवर आई बोलायची, वडील फोनवर यायचेच नाहीत.

"तुमच्याकडून निघालो त्या दिवशी," सायमन म्हणाला, "गाडीत त्याने मला एकच विचारलं. तिला चावीचं कसं माहीत? मी तर तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, तू सारखा खिसे चाचपतोस म्हणून म्हणाली असेल ती."

मी विचारलं, भावाचा फोटो बघितलायस? एकदा, म्हणाला. होल्टच्या पोथीत होता. लाल कॅप. आणि इथे, त्याने स्वतःच्या ओठावर बोट फिरवलं, जन्मतः फाटलेला, टाके घातलेले.

मी निवडलेली भेंडी परत ढिगावर टाकली, दुकानवाला काहीतरी बोलला.

"सायमन, होल्टचं पहिलं नाव काय रे?"

"अलॉन्झो. बट द लिटल ब्रदर कुडन्ट से इट. ही कॉल्ड हिम लोनी. ओन्ली हिम. नोबडी एल्स वॉज अलाउड."

लोनी. ण नाही, न. आई बरोबर म्हणत होती, आणि मी तिला दुरुस्त करत होते.

माझ्या परीने सगळे तर्क लावून झालेत. होल्टने आईला फोटो दाखवला असेल? पण ते दोघे एकमेकांच्या नजरेआड कधी होत नसत, आणि सायमन म्हणतो, नाही दाखवला. नाव कुठे ऐकलं असेल? ते सायमनलाही होल्ट घरी गेल्यावरच कळलं होतं, त्याच्या पत्रातून. आईला इंग्रजी 'येस', 'नो' आणि 'पर्मनंट' एवढंच यायचं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. प्रतिज्ञा मी अजूनही मानते, भूत अजूनही मानत नाही. पण आई खोटं बोलत नव्हती, हे मला आता माहीत आहे, आणि ते तिला सांगायची सोय नाही.

सायमनने मला होल्टचा ईमेल दिला. मी तीन आठवडे लिहीत होते आणि खोडत होते. शेवटी सगळं जसंच्या तसं लिहिलं. पाच ग्लास, लाल टोपी, लोनी, चावी. 'हा विसरला नाही, मी काढली' हेही. आणि हेही लिहिलं, की आईने सांगितलं होतं ते एक आणि मी तुला सांगितलं ते दुसरं. माफी मागितली. पाठवून दिलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आभार नाहीत, राग नाही, नुसत्या तीन ओळी. भाऊ गेला त्या दिवशी त्याच्या अंगात जॅकेट होतं म्हणे, दोन खिशांचं, एक बाहेरचा आणि एक आतला, चेन लावलेला. चावी कुठे ठेवली होती ते त्याने आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. प्लीज, तुमच्या आईने कोणता खिसा दाखवला?

आईने दाखवला होता. नीट, हाताने करून, एकदा नाही दोनदा. माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून.

मी फोनमध्ये बघत होते. त्याला अजून उत्तर लिहिलेलं नाही.